अडतीस फूट

सरपणाचा शेवटचा थर मातीत रुतून बसला होता. हॉलिस ट्रेबर्टने वाकून एकेक ओंडका मोकळा केला आणि मागे भिरकावला. हे काम सुरू करून त्याला तासभर झाला होता. शेजारी लिंडवॉल मोजणीदार आपला पिवळा खांब धरून उभा होता. खांबाच्या टोकावर बशीएवढं पांढरं यंत्र बसवलेलं होतं आणि ते मधूनमधून बारीक आवाज करत होतं.

"अजून जरा डावीकडे," लिंडवॉल म्हणाला. "यंत्र म्हणतंय, इथंच आहे."

"यंत्राला म्हणावं, ये आणि उचल."

"त्याला हात नाहीत आणि मला गुडघे नाहीत. उरलात तुम्ही."

हॉलिसने पुढचा ओंडका उचलला. खालून दोन सरडे निघाले आणि गवतात दिसेनासे झाले.

"घरापासून इतक्या लांब सरपण रचायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"बायकोच्या. इथं वारा चांगला लागतो म्हणते."

लिंडवॉलने वर पाहिलं. तिन्ही बाजूंनी फरची झाडं दाटीने उभी होती आणि एकाचीही फांदी हलत नव्हती.

दगड सापडला तो आणखी सात-आठ ओंडक्यांनंतर. गुडघ्याएवढा, करडा, एका अंगाला कललेला. लिंडवॉल कण्हत खाली बसला आणि खिशातल्या ब्रशने त्याने दगडावरचं शेवाळ झाडलं. उत्तरेच्या अंगावर छिन्नीने 'ओ' कोरलेला होता आणि दक्षिणेच्या अंगावर 'सी'. कडा झिजल्या होत्या, पण अक्षरं वाचता येत होती. म्हाताऱ्याने त्या दगडावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच बसून राहिला. चाळीस वर्षं हा माणूस जिल्ह्यातल्या हद्दी मोजत होता. असले दगड त्याला आयुष्यात तीन की चार मिळाले असतील.

"दीडशे वर्षांपूर्वीचा आहे," तो म्हणाला. "तेव्हा ते खेचरांवरून साखळ्या घेऊन आले होते. बऱ्याच ठिकाणी चुकले. पण चुकले तरी दगड आहे तिथं दोन्ही राज्यांची हद्द. कायदा तसाच आहे."

मग त्याने उठून टेप काढली. एक टोक हॉलिसच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो दक्षिणेकडे, सुकवणीच्या शेडकडे चालत गेला. शेडच्या भिंतीला टेप टेकवून त्याने आकडा वाचला. तो पुन्हा वाचला. नंतर टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

"शेड कुणी बांधलीय?"

"आजोबांनी. गवत ठेवायला."

"अडतीस फूट," लिंडवॉल म्हणाला. "अख्खी शेड कॅलिफोर्नियात आहे."

मोजणी हॉलिसनेच मागवली होती. म्हणजे जे झालं ते त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं, कुणाला बोल लावायची सोय नव्हती. ओरेगनमध्ये गांजाला परवाने मिळायला लागले तेव्हा पहिल्या झटक्यात घेणाऱ्यांपैकी ट्रेबर्ट नवराबायको होते. दोन वर्षं बरी गेली. मग ज्याच्याकडे म्हणून टीचभर जमीन होती तो गांजा लावायला लागला. राज्यातल्या झाडून सगळ्या माणसांनी सकाळ-संध्याकाळ ओढला असता तरी संपला नसता इतका माल झाला आणि माल राज्याबाहेर न्यायला बंदी. ओरेगनात गांजा कायदेशीर होता आणि पलीकडे कॅलिफोर्नियातही कायदेशीर होता, पण मधल्या रेघेवर केंद्राचा कायदा बसला होता आणि त्याच्या लेखी तो अजून गुन्हाच होता. पूर्वेकडे तीन राज्यं ओलांडली की ह्याच फुलांना दसपट भाव मिळत होता. इथे मात्र लोक चांगला माल खतात मिसळून, कॅमेऱ्यासमोर उभं राहून, नियमाप्रमाणे नष्ट करत होते.

केंद्राने एकदा हो म्हटलं की शेजारच्या राज्यांना माल विकायचा, असा ठराव राज्याने कधीच करून ठेवला होता. केंद्र हो म्हणत नव्हतं. आता म्हणेल, आता म्हणेल, असं दर वर्षी पेपरात यायचं आणि हॉलिस ते कापून ठेवायचा. त्याचं शेत राज्याच्या अगदी काठावर. दक्षिणेचं कुंपण म्हणजे हद्द, असं तीन पिढ्या धरून चालल्या होत्या आणि परवान्याचा नकाशाही त्या कुंपणावरूनच काढला होता. तिथे एक फाटक करायचं त्याच्या मनात होतं. ज्या दिवशी कायदा बदलेल त्या दिवशी पहिली गाडी आपल्या फाटकातून गेली पाहिजे, एवढीच त्याची हौस होती.

"वॉशिंग्टनमध्ये सगळे तेवढ्यासाठीच अडून बसलेत," त्याची बायको कोरीन म्हणाली होती. "तुझ्या फाटकाला कुठला रंग द्यायचा ते ठरत नाहीये."

म्हणून त्याने तिला न सांगता, ती शेजारणीच्या गाडीतून तालुक्याला बरण्यांची झाकणं आणायला जाणार होती तो मंगळवार पाहून मोजणीदाराला बोलावलं होतं. कुंपण नेमकं हद्दीवर आहे ना, एवढंच बघायचं होतं. कुंपण हद्दीच्या पलीकडे अडीचशे फुटांवर निघालं.

लिंडवॉलने दगडाशेजारी एक खुंटी ठोकली आणि तिला गुलाबी फीत बांधली. शेडची दारं बंद होती, पण वास दाराला जुमानणारा नव्हता. वर्षभराचा सगळा माल आत होता. सुकवून, निवडून, पंधरा पेट्यांत भरून, पेटीपेटीवर टॅग लावून झाला होता. राज्यातल्याच पोर्टलंडच्या एका दुकानदाराने तो घ्यायचं कबूल केलं होतं आणि गुरुवारी गाडी येणार होती. हा माल गेला नाही तर पुढच्या वर्षी लावणी करायची नाही, शेत विकून स्पोकेनला मुलीजवळ जायचं, हे दोघांनी उन्हाळ्यातच ठरवून ठेवलं होतं.

"मला वास येत नाही," लिंडवॉल म्हणाला. "सर्दी झालीय."

"बरं."

"पण दगड सापडला. सापडलेला दगड मला जिल्ह्याच्या दप्तरात नोंदवावा लागतो. त्याला पंचेचाळीस दिवसांची मुदत असते." त्याने टेप गुंडाळली. "मी म्हातारा माणूस आहे. मला पंचेचाळीस दिवस लागतील."

त्याची गाडी निघून गेल्यावर हॉलिस थोडा वेळ दगडापाशी उभा राहिला. पाचएक वर्षांपूर्वी असं काही झालं असतं तर त्याने टोपी आपटली असती, चार शिव्या हासडल्या असत्या. आता तसं काहीच झालं नाही. त्याने मनात चाचपून पाहिलं, तर जिथे काहीतरी वाटायला हवं होतं तिथे नुसती जागा होती. तो घराकडे गेला, हात धुतले आणि परवाने देणाऱ्या ऑफिसला फोन लावला.

फोनवर एक बाई होती. आवाजावरून समजूतदार वाटली.

"माझ्या एका मित्राबद्दल विचारायचंय," हॉलिस म्हणाला.

"बोला. मित्र बऱ्याच जणांना असतात."

"समजा त्याचा माल चुकून राज्याच्या हद्दीबाहेर गेला. थोडासाच. कायदेशीर माल, टॅग लावलेला. तर तो परत आणता येईल का?"

"नाही. राज्याबाहेरून गांजा आत आणायला बंदी आहे."

"पण तो इथलाच आहे."

"होता. बाहेर गेला की बाहेरचा."

"मग तो तिकडेच विकला तर?"

"तिकडचा परवाना आहे का त्यांच्याकडे? आणि असला तरी, इथं पिकलेला माल तिकडे विकता येणार नाही."

"बरं, मग टाकूनच द्यायचा म्हटलं तर?"

पलीकडे ती काहीतरी चाळत असावी. "नष्ट करायचा तर परवान्याच्या जागेतच करावा लागतो. कॅमेऱ्यासमोर. राज्याच्या हद्दीत."

"म्हणजे टाकून द्यायलाही तो आत आणावा लागेल."

"आणता येणार नाही."

"मग त्यानं करावं काय?"

"साहेब," ती म्हणाली आणि तिला खरोखरच वाईट वाटत असावं, "तुमच्या मित्रानं तो तिथं न्यायलाच नको होता."

हॉलिसने आभार मानले. आभार मानण्यासारखं काय होतं ते त्याला सांगता आलं नसतं, पण त्याने मानले. नऊ वर्षं त्याचं पीक शेतातून शेडमध्ये गेलं होतं आणि शेडमधून गाडीत आलं होतं. म्हणजे दर वर्षी ते एकदा राज्याबाहेर गेलं होतं आणि एकदा परत आलं होतं. गांजा राज्याबाहेर विकता येत नाही म्हणून जो माणूस झुरत होता, त्याचाच माल गेली नऊ वर्षं हातगाडीवरून परराज्यात फिरून येत होता. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर तो पोट धरून हसला असता.

कोरीन चार वाजता आली. तिने झाकणं टेबलावर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि सकाळी सोलून ठेवलेली नासपती बरण्यांत भरायला सुरुवात केली. ती साठीची होती, अंगाने बारीक आणि हाताने चपळ. हॉलिस समोरच्या खुर्चीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मोजणीदाराला बोलावल्याचं, दगड, अडतीस फूट, पंचेचाळीस दिवस, फोनवरची बाई. काही लपवलं नाही. बरणी भरायची, चमच्याच्या मागच्या बाजूने फोडी दाबायची, झाकण लावायची. त्याचं सांगून झालं तेव्हा ती पाचव्या बरणीवर होती.

"लाकडं परत रचलीस का?" तिने विचारलं.

हॉलिसने तिच्याकडे पाहिलं.

"दगडावरची," ती म्हणाली. "तशीच टाकून आलास का?"

"तुला माहीत होतं."

कोरीनने कापडाने हात पुसले. "सहा वर्षं झाली. काटेरी वेली तोडत होते तेव्हा कोयता लागला त्याला. अक्षरं दिसली. मग तालुक्याला जाऊन जुनी कागदपत्रं काढून बघितली. तुझा तो लिंडवॉल तेव्हा रजेवर होता म्हणून बरं."

"आणि मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुला माहीत झालं असतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हेच. माहीत नसताना केलं तर वकिलाला बोलायला निदान तोंड असतं. माहीत असून केलं तर काय बोलणार? माझं ठीक आहे. माझी पाटी कोरी आहे. तुझी नाही."

ती एवढंच म्हणाली, पण तेवढं पुरे होतं. त्यांची मुलगी शेल्बी दीड वर्षाची असताना हॉलिसला शंभर रोपांसाठी धरलं होतं, तेव्हा परवाने नव्हते. सव्वीस महिने तो केंद्राच्या तुरुंगात होता. त्या दिवसांबद्दल ह्या घरात कुणी बोलत नसे. दुसऱ्यांदा सापडणाऱ्याला आधीचंही जमेस धरून शिक्षा देतात, हे मात्र दोघांना पाठ होतं.

"नवी शेड बांधायला सांगायचंस मग. अलीकडे."

"दोनदा सांगितलं. तू म्हणालास, ही आजोबांची आहे, हिला काय झालंय."

हे खरं होतं. त्याला ते आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी हळूहळू वर आलं. तोडणीच्या दिवसांत तो झाडं कापायचा आणि कोरीन हातगाडी ढकलायची. गेल्या सहा वर्षांत त्याने एकदाही भरलेली हातगाडी शेडकडे नेली नव्हती. तिने नेऊ दिली नव्हती. पाठ, ती म्हणायची. तुझी पाठ धरेल, सोड. आणि तो सोडायचा.

"कोरीन. माझी पाठ?"

"तुझ्या पाठीला काय झालंय?"

"डॉक्टरनं पट्टा दिलाय मला."

"तू सांगितलंस दुखते म्हणून त्यानं दिला. मी सांगितलं म्हणून तू सांगितलंस." तिने सहावी बरणी पुढे ओढली. "आज तासभर ओंडके उचललेस. काही झालं?"

काही झालं नव्हतं. तो आत्ता, ह्या क्षणी, खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याला कुठेही कळ येत नव्हती. सहा वर्षं तो बुटाच्या नाड्या बांधायला पाय स्टुलावर ठेवत होता. जिना चढताना कठडा धरत होता. गुरुवारचा बोलिंगचा खेळ त्याने सोडला होता आणि त्याच्या जागी डोंगरापलीकडचा एक दात पडलेला इसम खेळायला लागला होता.

"शेल्बीच्या लग्नात मी नाचलो नाही," तो म्हणाला.

"ते बरंच झालं. तुला नाचता येत नाही."

त्याला राग यायला हवा होता. त्याने त्याची थोडी वाटही पाहिली. आला नाही. त्याऐवजी त्याला ती दिसली, पन्नाशी उलटलेली, आणि नंतर साठीला टेकलेली, ओलं पीक भरलेली गाडी ढकलत त्या दगडावरून जाताना. प्रत्येक खेपेला तिला ठाऊक होतं, आत्ता आपण गुन्हा करतोय. आणि संध्याकाळी घरी येऊन ती त्याच्या पाठीला मलम चोळून द्यायची.

"तू शेल्बीकडे जा," कोरीन म्हणाली. "उद्याच नीघ. गाडी येईल तेव्हा तू इथं नको."

"मी कुठंही जाणार नाही."

"हॉलिस, आता तुला माहीत झालंय."

"गाडी परत पाठवू. माल सडू दे तिथंच."

"आणि नंतर? शेत विकायचं, तर घेणारा मोजणी करणार. लिंडवॉल नोंद करणार. कुणीतरी येऊन शेड उघडणार आणि आत पंधरा पेट्या, सगळ्यांवर तुझ्या परवान्याचे टॅग." ती पहिल्यांदाच थांबून त्याच्याकडे बघत बोलली. "ते तिथून निघालंच पाहिजे. विकायचं म्हणून नाही म्हणत मी. निघालं पाहिजे. पुढच्या वर्षी शेड नाही, काही नाही. हे एकदाच."

"मग मी नेतो."

"तू लाकडं रच," कोरीन म्हणाली.

तो गेला नाही. लाकडंही रचली नाहीत. बुधवार दोघांनी नेहमीसारखा काढला. तिने बरण्या उकळल्या, त्याने शेतातल्या ठिबकच्या नळ्या गोळा केल्या.

गुरुवारी सकाळी दहाला गाडी आली. चालकाचं नाव डेन्झिल, पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलका. शेडपर्यंतची वाट अरुंद असल्यामुळे गाडी नेहमीच शेताच्या तोंडाशी थांबायची आणि पेट्या हातगाडीवरून तिथवर आणायच्या. कोरीनने हातमोजे घातले होते. गुलाबी फितीची खुंटी वाटेच्या कडेला तशीच होती. हॉलिसला वाटलं होतं, ती उपटून टाकेल. पण मोजणीदाराची खुंटी उपटणं हा गुन्हा आहे, असं म्हणून तिने हात लावला नव्हता.

"फीत कसली ही?" डेन्झिलने विचारलं.

"फाटक करायचंय," कोरीन म्हणाली.

"कुठं जायला?"

"ते ह्यांना विचारा."

डेन्झिलने हॉलिसकडे बघून डोळा मिचकावला. मग कागद काढून तो जरा ओशाळला. "एक सांगायचं राहिलं. मालकानं बाराच पेट्या आणायला सांगितल्यात. पोर्टलंडला गोदामात पाय ठेवायला जागा नाही. जो तो आणून टाकतोय."

"पंधरा ठरल्या होत्या."

"ठरल्या असतील, बाई. मी फक्त चाकं फिरवतो."

कोरीनने शेडकडे पाहिलं. उरणाऱ्या तीन पेट्यांचं काय करायचं, ह्याचा ती विचार करत असणार. हॉलिसला तो विचार करावासा वाटला नाही. "बारा तर बारा," ती म्हणाली आणि हातगाडी घेऊन निघाली.

"थांबा, मी येतो हात लावायला," डेन्झिल म्हणाला.

"तुम्ही ट्रकजवळच थांबा," ती मागे न बघता म्हणाली. "तुमच्या मालकाचा विमा आमच्या शेडमध्ये चालत नाही. मागच्या वेळी एकानं पाय मोडून घेतला."

कुणाचा पाय मोडला नव्हता. हॉलिस ट्रकच्या सावलीत एका पालथ्या क्रेटवर बसला. नऊ वर्षं त्या वाटेवर नुसतं गवत होतं. आता त्यावर रेघ होती आणि ती न बघणं त्याला जमेना. कोरीन रिकामी गाडी घेऊन फितीपलीकडे गेली, शेडमध्ये शिरली, तीन पेट्या रचून बाहेर आली. फितीपाशी चाक एका मुळावर अडलं. तिने जोर लावला, गाडी उसळली आणि अलीकडे आली.

डेन्झिलने पेट्यांचे टॅग तपासून त्या आत चढवल्या. "तुमचं बरं आहे," तो हॉलिसला म्हणाला. "बायको गाडी ढकलते आणि आपण सावलीत. मी घरी असं केलं तर संध्याकाळी जेवण नाही मिळायचं."

तो थट्टेने म्हणत होता. हॉलिसने हसल्यासारखं केलं. दुसरी खेप आली. कोरीनच्या मानेवर घाम आला होता आणि ती तोंडाने श्वास घेत होती. तिसऱ्या खेपेला ती निघाली तेव्हा तो उठला. वाटेने तिच्यामागे गेला आणि फितीच्या अलीकडे, चारएक पावलांवर, त्याने हातगाडीची मूठ धरली.

"सोड," ती म्हणाली.

"दोनच खेपा राहिल्यात. मी नेतो."

"हॉलिस, सोड."

"मला काही होत नाही म्हणालीस ना? मग?"

कोरीनने ट्रककडे एकवार पाहिलं. डेन्झिल पाठमोरा होता. ती अगदी हळू, बाजारात भाव विचारावा तशा आवाजात बोलली.

"सव्वीस महिने मी बसनं आले तुला भेटायला. एक शनिवार सोडून एक. कडेवर पोर घेऊन, दोन ठिकाणी बस बदलून. आता गुडघ्यांमुळे माझ्यानं बसच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि गाडी मला चालवता येत नाही. तू आत गेलास तर मी येऊ शकणार नाही. मी आत गेले तर तू गाडी चालवत येशील. एवढं साधं आहे."

त्याने मूठ सोडली नाही. पण त्याने ती ओढलीही नाही. ओढायचं त्याच्या मनात होतं, हात तयार होते, पाठ ठणठणीत होती. एक पाऊल, मग फीत, मग अडतीस फूट. कोरीनने त्याच्या बोटांवर आपला हातमोजा ठेवला आणि एकेक बोट सोडवलं, तेही त्याने सोडवू दिलं.

"पाठ धरेल तुझी," ती मोठ्याने, ट्रकपर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली. "जाऊन बस."

तो गेला आणि बसला. त्याला लाज वाटली. वाटली ती जराशी उशिरा आणि दुसऱ्या कुणाची तरी असावी तशी वाटली, पण वाटली. त्याने मान खाली घातली आणि चाकाचा आवाज ऐकत राहिला. चाक फितीपाशी दर वेळी त्याच मुळावर अडत होतं.

चौथी खेप झाली. डेन्झिलने ट्रकचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि कागद पुढे केला. माल कुठून उचलला ह्या रकान्यात शेताचा पत्ता आणि राज्याचं नाव आधीच छापलेलं होतं. माल ताब्यात देणाऱ्याचं नाव ह्या रकान्यात कोरीनने आपलं नाव लिहिलं, सही केली आणि तारीख घातली.

"पाठीचं दुखणं वाईट," डेन्झिल कागदाची घडी घालत हॉलिसला म्हणाला. "माझ्या मेव्हण्याला आहे. दिसत काही नाही, म्हणून लोकांना वाटतं ढोंग करतोय. तुमचं कधीपासून?"

कोरीन हातमोजे काढत होती. ती थांबली.

"सहा वर्षं झाली," हॉलिस म्हणाला आणि हात मागे नेऊन त्याने कंबर धरली.